पाळीच्या गावातली शिरगणती

१ मार्च २०२७ हा संदर्भदिवस धरून देशाची पुढची जनगणना होणार आहे आणि आमच्या शाळेतल्या तरुण सहकाऱ्यांपैकी अनेकांच्या हाती ते काम येणार आहे. मागची जनगणना झाली तेव्हा इचलकरंजीत मी प्रगणक होते. २०१० च्या उन्हाळ्यातली घरयादी आणि २०११ च्या फेब्रुवारीतली प्रत्यक्ष लोकसंख्येची मोजणी, असे दोन्ही टप्पे मी एकाच वस्तीत केले. तो अनुभव सहकारी हल्ली वारंवार विचारतात. तोंडी सांगताना त्यातला महत्त्वाचा भाग नेहमी निसटतो, म्हणून तो एकदा सविस्तर लिहावा असे वाटले. यंत्रमागाच्या गावात माणसे मोजायची तर ती कोणत्या वेळी घरात असतात, कोणाबरोबर जेवतात आणि स्वतःच्या कामाला काम म्हणतात की नाही, हे आधी समजून घ्यावे लागते.

बाहेरच्या वाचकांसाठी गावाची थोडी ओळख करून देते. इचलकरंजी हे घोरपडे घराण्याच्या जहागिरीचे गाव. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग आणला आणि त्यानंतरच्या शतकात पंचगंगेकाठचे हे गाव कापडाचे शहर होऊन बसले. कोष्टी आणि साळी समाजातले विणकर इथे पूर्वीपासून होतेच. पुढे सीमेपलीकडच्या चिकोडी, अथणी, रायबाग भागातून कन्नड बोलणारी कुटुंबे आली, सूत आणि कापडाच्या व्यापारासाठी राजस्थानातून मारवाडी कुटुंबे आली, आणि अलीकडच्या काही दशकांत माग चालवायला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून तरुण मुले येऊ लागली. जिल्ह्याचे ठिकाण कोल्हापूर, तालुक्याचे ठिकाण हातकणंगले. म्हणजे शहर तालुक्याच्या ठिकाणाहून कितीतरी मोठे आणि तरी तालुक्याच्या कागदात बसलेले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,८७,३५३ नोंदली गेली. त्यातल्या एका लहानशा गटाची नोंद माझ्या अक्षरात आहे, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पहिला टप्पा मे महिन्यात सुरू झाला. प्रत्येक प्रगणकाला साधारण साडेसहाशे ते आठशे वस्तीचा एक गट दिला जातो आणि सहा प्रगणकांमागे एक पर्यवेक्षक असतो. मोजणीआधी त्या गटाचा नजरी नकाशा स्वतःच काढायचा असतो: गल्ल्या, देऊळ, बोअर, विजेचा डीपी, मग एकेक इमारत आणि तिला क्रमांक. इमारतीवर रंगीत खडूने क्रमांक घालताना मुले मागे मागे येत आणि शाळेतली बाई सुट्टीत भिंतीवर का लिहिते आहे, असे एकमेकांत कुजबुजत.

नकाशाचे खरे काम इथूनच अवघड झाले. घरयादीत प्रत्येक घराचा उपयोग लिहायचा असतो: निवास, दुकान, कारखाना, शाळा, किंवा निवास आणि इतर उपयोग एकत्र. माझ्या गटातल्या निम्म्याअधिक इमारतींना पुढच्या बाजूला पत्र्याची शेड होती आणि तिच्यात चार, आठ किंवा बारा माग चालत असत. शेडच्या मागे मालकाच्या दोन खोल्या, वर माळ्यावर भाडेकरू, आणि बोळाच्या टोकाला सुताच्या पोत्यांच्या आडोशाला आणखी एक दार. त्या दाराआड राहणाऱ्या जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, कुटुंबाचा पत्ता शेजाऱ्यांनाही सांगता येत नव्हता. प्रत्येक इमारतीला पूर्ण फेरा घालून, दिसेल त्या दारावर थाप मारल्याशिवाय तिथली घरे सापडत नाहीत. माग चालू असताना शेडमध्ये बोलणे अशक्य असते. माणसे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन किंवा हाताच्या खुणांनी बोलतात, आणि कागद उघडा ठेवला की काही मिनिटांत त्याच्यावर सुताचे तूस साचते. आमचे तक्ते पुढे यंत्राने वाचले जाणार होते, त्यामुळे ते दुमडायचे नव्हते, त्यांवर डाग पडू द्यायचा नव्हता आणि प्रत्येक आकडा आपल्या चौकटीतच राहायला हवा होता. म्हणून शेडमधल्या माणसाला मी बाहेर बोलावून ओट्यावर बसून लिहीत असे. त्याला यायला वेळ लागे, कारण तो चार माग एकटा सांभाळत असे आणि धागा तुटला की त्याला परत आत धावावे लागे. त्याची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते. बंद मागाचे पैसे त्याला मिळत नाहीत. हे लक्षात आल्यावर मी त्याला कधी घाई केली नाही.

घरयादीत पस्तीस प्रश्न होते. भिंत कशाची, छप्पर कशाचे, स्वयंपाक कशावर, शौचालय कसले, घरात दूरचित्रवाणी, मोबाइल, सायकल, मोटारसायकल आहे का, बँकेत खाते आहे का. बहुतेक उत्तरे डोळ्यांना दिसतच असत. पाण्याच्या प्रश्नाशी मात्र मी प्रत्येक घरात थबकले. पिण्याचे पाणी नळाचे असेल तर ते शुद्धीकरण केलेल्या स्रोतातले आहे की न केलेल्या, असे तिथे विचारले होते. गावाला पंचगंगेचे आणि कृष्णेचे पाणी मिळते, ते एक-दोन दिवसांआड येते, आणि नदीच्या पाण्याचा रंग व वास सगळ्यांच्या परिचयाचा आहे. ‘शुद्ध म्हणायचं का, तुमीच सांगा बाई,’ असे मला एकाहून अधिक बायकांनी विचारले. नियमाप्रमाणे नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातून आलेले पाणी शुद्धीकरण केलेलेच लिहायचे होते आणि मी तसे लिहिले. दोनच वर्षांनी, २०१२ च्या उन्हाळ्यात, शहरात काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. तेव्हा त्या बायकांचा प्रश्न मला वारंवार आठवला. चौकटीत लिहिलेले उत्तर नियमाप्रमाणे बरोबर असते आणि तरीही घरातल्या बाईला त्याहून जास्त ठाऊक असते, हे मी त्या दोन वर्षांत शिकले.

दुसरा टप्पा ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात झाला. या वेळी एकोणतीस प्रश्न प्रत्येक माणसाचे होते. फेब्रुवारी निवडण्यात शहाणपण होते, कारण त्या वर्षी होळी मार्चच्या १९ तारखेला होती आणि परप्रांतातली मुले शिमग्याला गावी जाण्यापूर्वी खोलीवर सापडण्याची शक्यता अधिक होती. खोलीवर म्हणजे केव्हा, हा मात्र वेगळाच प्रश्न. इथे माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. एका दहा बाय बाराच्या खोलीत मी सकाळी गेले तेव्हा चार मुले चादरी डोक्यावरून घेऊन झोपली होती. संध्याकाळी गेले तेव्हा त्याच चादरींवर दुसरी चार मुले अंग टाकण्याच्या तयारीत होती, आणि सकाळची चौघे कामावर निघाली होती. खोलीत गाद्या चार आणि राहणारी माणसे आठ. पहिल्या भेटीत जेवढे दिसले तेवढेच लिहून कोणी पुढे गेले असते, तर चार माणसे देशाच्या गणतीतून सहज गळाली असती.

त्यापुढे त्या आठ जणांचे कुटुंब एक की अनेक, हे ठरवायचे होते. जनगणनेची व्याख्या रक्ताच्या नात्यावर बेतलेली नाही. जे सर्वसाधारणपणे एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातले जेवतात ते एक कुटुंब. या मुलांकडे एक स्टोव्ह होता, तांदळाचे आणि पिठाचे पैसे ते वाटून घेत आणि ज्याची पाळी संपेल तो पुढच्यांसाठी रांधून ठेवत असे. त्यामुळे ते एक कुटुंब झाले. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या माणसाला कुटुंबप्रमुख लिहिले आणि बाकीच्यांचे त्याच्याशी नाते ‘नातेवाईक नाही’ असे लिहिले. समोरच्याच खोलीतली मुले खाणावळीत जेवत होती, म्हणून तिथे प्रत्येक जण एकट्याचे कुटुंब ठरला. मी व्याख्या समजावून सांगितली तेव्हा एका मुलाने भावाशी फोनवर बोलताना आपण आता सरकारी कागदावर ‘अलग परिवार’ झालो असल्याचे सांगितले. त्याच्या आवाजातले समाधान माझ्या लक्षात राहिले आहे. त्यांची पहिली शंका दरवेळी हीच असे की या नोंदीमुळे गावाकडचे रेशनकार्ड रद्द तर होणार नाही ना. तसे होत नाही आणि वैयक्तिक माहिती कायद्याने गुप्त राहते, हे शांतपणे दोनदा सांगितले की माणसे मोकळी होत.

मातृभाषेच्या प्रश्नाला मिळणारी उत्तरे ऐकणे हा या कामातला माझा सर्वांत आवडता भाग होता. माणूस सांगेल ती भाषा त्याने सांगितलेल्या नावानेच लिहायची, असा नियम आहे. एकाच बोळात मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू, मारवाडी, भोजपुरी आणि ओडिया लिहिली गेली. पुढे छापील तक्त्यांत मारवाडी आणि भोजपुरी हिंदीच्या सदरात मिळवल्या जातात, पण नोंदीत त्या आपापल्या नावाने उभ्या आहेत. कन्नड घरांमध्ये एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. आजी मातृभाषा कन्नड सांगे, मुलगा कन्नड सांगताना क्षणभर विचार करी आणि नातू मराठी सांगे. प्रत्येकाचे उत्तर स्वतंत्र लिहायचे असल्यामुळे एकाच घरात दोन मातृभाषा लिहिल्या गेल्या. त्याला मी ढवळाढवळ न करता तसेच राहू दिले.

जन्मस्थळ आणि स्थलांतराचे प्रश्नही असेच बोलके होते. पुरुषांच्या बाबतीत कारण बहुधा ‘काम’ असे. बायकांच्या बाबतीत ते जवळजवळ नेहमीच ‘लग्न’ असे आणि त्यांचे माहेर निपाणी, चिकोडी, जयसिंगपूर, मिरज अशा एक-दोन तासांच्या वाटेवरच्या गावांत सापडे. शहर वाढते ते फक्त परप्रांतातून आलेल्या मुलांमुळे, अशी समजूत गावात आहे. पण नोंदी लिहिताना बाहेरून आलेल्यांमध्ये सर्वांत मोठा वर्ग शेजारच्या तालुक्यांतून लग्न होऊन आलेल्या या बायकांचा आहे, हे मला स्पष्ट दिसत होते.

वय काढण्यासाठी ओळखीच्या घटना वापराव्यात, असे प्रशिक्षणात सांगितले होते. आमच्या भागात यासाठी ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि १९७२ चा दुष्काळ फार उपयोगी पडले. ‘भूकंपात थोरला पाळण्यात होता’ एवढे कळले की पुढचे गणित जमे.

आता ज्या भागासाठी हे सगळे लिहायला घेतले, त्याकडे वळते. गेल्या वर्षभरात केव्हाही काम केले का, असा प्रश्न प्रत्येकासाठी होता. पुरुष उत्तर चटकन देत: मागावर, सूत मागावर चढण्याआधी तयार करणाऱ्या सायझिंगला आणि वहिफणीला, घडी खात्यात, दिवाणजी म्हणून पेढीवर. बायकांना विचारले की उत्तर येई, ‘न्हाई ओ बाई, मी कायबी करत न्हाई, घरातच असतो.’ आमच्याकडे बायकाही स्वतःबद्दल बोलताना ‘असतो’, ‘जातो’ असेच म्हणतात. एका घरात हे उत्तर देणारी बाई बोलत असताना तिचा उजवा हात थांबलेला नव्हता. तिच्यासमोर कांडी, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी सुताची नळी, भरण्याचे छोटे मशीन होते. भरलेली कांडी ती काढे, रिकामी लावे, तुटलेला धागा बोटांनी शोधून जोडे आणि भरलेल्या कांड्या शेजारच्या पाटीत रचून ठेवी. पाटी भरली की मुलगा ती समोरच्या शेडमध्ये नेऊन देत असे. नवरा आतून म्हणाला, ‘लिवा गृहिणी.’

मी गृहिणी लिहिले नाही. कांड्या कोणासाठी भरता, असे विचारले. समोरच्या मालकासाठी. पैसे मिळतात का? मिळतात, कांड्यांच्या हिशेबाने, आठवड्याला. रोज भरता का? वीज असेल तेवढे दिवस. दिवाळीनंतर माग मंदावले तेव्हा महिनाभर बंद होते, एरवी चालूच असते. म्हणजे वर्षातले सहा महिने तरी झाले का? तिने बोटांवर मोजले आणि स्वतःच चकित होऊन म्हणाली, ‘दहा म्हैने भरल्यात की.’ सहा महिने किंवा त्याहून अधिक काम केले असेल तर माणूस मुख्य काम करणाऱ्यांत धरला जातो. तिची नोंद मी घरगुती उद्योगात मुख्य काम करणारी अशी केली, आणि नवऱ्यालाही ते वाचून दाखवले. त्याने हरकत घेतली नाही. मात्र त्याला ही गोष्ट नवी वाटली, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

सूचनापुस्तिकेतही बायकांच्या कामाबद्दल नीट खोदून विचारावे असे स्पष्ट लिहिलेले होते, आणि ज्यांनी ते लिहिले त्यांना अशी घरे ठाऊक असणार. या अनुभवानंतर मी प्रश्नाची मांडणी बदलली. ‘तुम्ही काम करता का’ याच्या जोडीला मी ‘कांडीचं मशीन आहे का, मेंडिंगचं कापड घरी येतं का, शिवणकाम कोणाचं घेता’ असे विचारू लागले. कापडातल्या गाठी काढण्याचे मेंडिंगचे काम करणाऱ्या, परकर शिवून देणाऱ्या, खर्चीवाल्या, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणाऱ्या, यंत्रमागधारकाच्या घरात दुपारी नवरा जेवायला बसला की अर्धा तास स्वतः मागावर उभ्या राहणाऱ्या अशा अनेक बायका मग पुढे आल्या. घरच्या व्यवसायात बिनपगारी केलेले कामही कामच धरायचे असते, हे त्यांतल्या बहुतेकींना प्रथमच कळत होते. या शहराचे कापड बायकांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाजारात जात नाही, आणि काम करणाऱ्यांच्या तक्त्यात त्या दिसल्या नाहीत तर त्यांच्यासाठी विमा, पाळणाघर किंवा दवाखाना मागायला आधार उरत नाही. म्हणून या एका प्रश्नावर प्रत्येक प्रगणकाने वेळ घालवावा, असे माझे ठाम मत आहे.

मुलांविषयीचे प्रश्न शेवटी येतात: जिवंत जन्मलेली मुले किती, त्यांपैकी आज हयात किती, मुलगे वेगळे आणि मुली वेगळ्या. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८३९ मुली होत्या. साखरेच्या आणि कापडाच्या सुबत्तेतल्या जिल्ह्याचा हा आकडा माझ्या मनात सतत होता. हे प्रश्न चारचौघांत विचारायचे नाहीत, असे मी ठरवले होते. शाळेतली बाई म्हणून मला स्वयंपाकघरापर्यंत जाता येई, आणि तिथे बायका गेलेल्या मुलांबद्दलही बोलत. एका सासूबाईंनी चार सांगितली आणि मी लिहायला लागल्यावर थांबवून पाच म्हणाल्या. पाचवी मुलगी नऊ दिवसांची असताना गेली होती, आणि तिचे नावही ठेवलेले नव्हते. ती जिवंत जन्मलेल्यांच्या रकान्यात मोजली गेली.

२८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर माणसांची मोजणी होते. आम्ही दोघे-तिघे शिक्षक पर्यवेक्षकांबरोबर बस स्थानकाच्या आवारात आणि बंद दुकानांच्या पायऱ्यांवर फिरलो. झोपलेल्या माणसाला उठवून त्याचे नाव आणि जन्मगाव विचारणे जड जाते. बहुतेकांनी उत्तरे दिली. एका वृद्धाने आपण पूर्वी मागावर होतो, कान गेल्यावर काम सुटले, असे सांगितले आणि मग आम्हाला त्याच्याशी मोठ्याने बोलावे लागले. १ ते ५ मार्चच्या फेरतपासणीत जन्म-मृत्यूंची दुरुस्ती करून तक्ते जमा केले आणि काम संपले.

त्यानंतर बरेच बदलले आहे. २०२२ मध्ये इचलकरंजीची महानगरपालिका झाली, साध्या मागांच्या जागी बिनधोट्याचे माग वाढले आणि त्यांना कांडी लागत नाही, त्यामुळे मी नोंदवलेल्या काही घरांत आता ते मशीन नसेल. बायकांचे काम मात्र दुसऱ्या रूपात चालूच असते, ते नव्याने विचारावे लागेल. मागच्या वेळी आम्ही फक्त अनुसूचित जाती-जमातींची नोंद केली होती. कोष्टी, लिंगायत, जैन घरांतून ‘आमची जात का लिहीत नाही’ अशी विचारणा दरवेळी होई. या वेळी ती सर्वांची लिहिली जाणार आहे, तेव्हा उत्तर सांगितले तसेच लिहिण्याची शिस्त आणखी कसोटीला लागेल.

सहकाऱ्यांना मी काही गोष्टी आवर्जून सांगते. पाळी बदलते त्या वेळेच्या थोडे आधी आणि थोडे नंतर असे दोनदा जावे. खोलीतली माणसे मोजताना दोन्ही पाळ्यांची नावे विचारावीत. या वेळी माहिती मोबाइलवर भरली जाईल आणि कुटुंबांना स्वतःही ती भरता येईल. फोन बहुधा नवऱ्याच्या किंवा कॉलेजातल्या मुलाच्या हातात असेल आणि ‘गृहिणी’ हा पर्याय एका बोटाने निवडून होईल. तरीही त्या घरी प्रगणकाला जायचेच असते. तिथे स्वतः माहिती भरल्यावर मिळालेला नोंद क्रमांक फक्त तपासून पुढच्या दाराकडे न वळता, घरातल्या बाईशी पाच मिनिटे वेगळे बोलून तिच्या कामाचे रकाने तिच्यासमोर पुन्हा वाचावेत, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.